पुतणीचं स्थळ आणि माझ्या गोळ्या

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

हे पत्र नाव न छापता छापावं अशी विनंती आहे. नाव-पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिलाय, तो तुमच्याकडे असूदे. मला स्वतःला नाव छापायला काही हरकत नव्हती, पण भावाला सांगितलं की पेपरला असं असं पत्र लिहूलोय, तर तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणला, "दादा लिही, पण नाव नको, पोरीचं बघायचं चाललंय." पुतणीला गडहिंग्लजकडचं स्थळ आलंय, माणसं चांगली आहेत, आणि मुलीच्या काकाला मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत हे त्यांना पेपरात वाचून कळू नये असं त्याला वाटतं. मी रागावलो नाही, तो बाप आहे. पण तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय की आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मनाचा आजार दाबला जातो तो नेमका इथंच, स्थळाच्या बैठकीत. आपल्या सोयरिकी चंदगड, आजरा, गडहिंग्लज, कोल्हापूरपर्यंत पसरलेल्या, त्यामुळं बातमी एका एसटीनं सीमेपलीकडं जाते आणि दुसऱ्या एसटीनं परत येते. मग दवाखान्यात जाणारा माणूस दवाखान्यात जातच नाही, आणि गेला तरी गल्लीतलं कुणी बघेल म्हणून हुबळीला नाहीतर मिरजेला जातो, तिथं दर महिन्याला जाणं परवडत नाही म्हणून मधेच सोडतो. माझं म्हणणं एवढंच आहे की आजारामुळं माणसाचं नुकसान होतं तितकंच, कधीकधी जास्तच, या लपवण्यानं होतं, आणि ते आपल्याला थांबवता येतं.

माझ्यापुरतं सांगतो. मी वडगावचा, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये टर्नर आहे. 2021 च्या मे महिन्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वडील गेले. शेवटचं बघायला मिळालं ते लांबून, पिशवीत गुंडाळलेलं, बाराव्याला माणसं नाहीत, रडायलासुद्धा कुणाच्या खांद्याला खांदा नाही. त्यावेळी मी रडलो नाही. आईला, बहिणीला सांभाळलं, कामावर परत गेलो, सगळे म्हणत होते घट्ट आहे बघ गडी. दिवाळीनंतर एकदा सेकंड शिफ्टला जॉब लावत असताना एकदम छातीत धडधड सुरू झाली, हातपाय गार, बोटांना मुंग्या, श्वास आत जाईना, आणि मनात पक्कं बसलं की आपण आता मरणार. पोरांनी रिक्षात घालून नेलं. ईसीजी काढला, दुसऱ्या दिवशी टूडी इको केला, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणले गॅस असेल, टेन्शन घेऊ नका. घरी आलो. परत तसंच झालं, परत ईसीजी, परत नॉर्मल. त्याला पॅनिक अटॅक म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. त्यात हार्टला काही होत नाही, दहा-पंधरा मिनिटांत जोर ओसरायला लागतो, पण त्या मिनिटांत माणसाला मरण खरंच समोर दिसतं, नाटक नसतं ते. छातीत दुखलं तर पहिल्यांदा हार्टची तपासणी करायलाच पाहिजे, ते बरोबरच आहे. पण रिपोर्ट परत परत नॉर्मल आल्यावर "काही नाही झालेलं" म्हणून पेशंटला घरी पाठवतात तिथं खरं काम सुरू व्हायला पाहिजे.

अटॅक कमी झाले आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. ते कसं सांगू. लोकांना वाटतं डिप्रेशन म्हणजे रडत बसणं. मला रडू येतच नव्हतं. पहाटे तीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत छतावरचा पंखा बघत पडायचं. जेवणाला चव नाही, आईनं आंबोळ्या केल्या तरी पुठ्ठा चावल्यागत. कुठला शर्ट घालू एवढं ठरवायला अर्धा तास. आम्हा टर्नर लोकांना मशीनचा आवाज कळतो, बेअरिंग जायला लागलं की बाहेरून मशीन चांगलं चालतंय असं दिसतं पण आवाज बदललेला असतो, तसा माझा आतला आवाज बदललेला मला ऐकू येत होता आणि बाहेर कुणाला दिसत नव्हतं. पोरगी मार्कशीट घेऊन आली तर मी बघून "छान" म्हणलं आणि आत काही हललं नाही. स्वतःच्या पोरीच्या आनंदानं काही होईना, याची जी भीती वाटली ती अटॅकपेक्षा वाईट होती.

या काळात ज्यांनी जे सांगितलं ते प्रेमानंच सांगितलं. कुणी म्हणलं गोव्याला जाऊन ये दोन दिवस, कुणी म्हणलं एक क्वार्टर मारून झोप, कुणी म्हणलं व्यायाम कर, एका मामांनी ज्ञानेश्वरी दिली. आई सौंदत्तीला जाऊन भंडारा घेऊन आली, गावच्या देवळात गाऱ्हाणं घातलं, बाहेरचं काही आहे का म्हणून एकाकडं घेऊन गेली. मी आईला दोष देत नाही, तिच्याकडं जे होतं ते तिनं केलं. नंतर डॉक्टरांनीच तिला सांगितलं की आई तुम्ही देवाचं बंद करू नका, फक्त गोळी चुकू देऊ नका, आणि त्या दिवसापासून आईनं माझ्या गोळ्यांचा डबा देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवलाय आणि सकाळी आरती झाली की स्वतः हातावर देते. असं सगळीकडं झालं तर काही वादच नाही. पण जिथं बाहेरचं काढायचं म्हणून माणसाला मारतात, साखळीनं बांधतात, मिरच्यांची धुरी देतात, तिथं गप्प बसायचं नाही. कर्नाटकात त्याविरुद्ध 2017 चा कायदा आहे, महाराष्ट्रात 2013 चा आहे.

मला दवाखान्यात नेलं ते बायकोनं. तिनं काय केलं ते मुद्दाम लिहितो कारण त्याचा कुणाला तरी उपयोग होईल. एका रात्री पोरं झोपल्यावर ती शेजारी येऊन बसली आणि सरळ विचारली, "असं का करूलास ते मला ठाऊक नाही, पण मरावं असं मनात येतंय काय तुझ्या?" मी हो म्हणलं. ती घाबरली असणार, पण ओरडली नाही, पोरांची शपथ घातली नाही, "आमचा विचार कर" म्हणली नाही. कधीपासून, रोज येतं काय, एवढंच विचारली, माझा हात धरून बसली आणि सकाळी माझ्या कंपनीत स्वतः फोन करून सांगितली की आज हे येणार नाहीत. पुष्कळ लोकांना वाटतं की असं तोंडावर विचारलं तर ज्याच्या मनात नाही त्याच्याही मनात येईल. तसं होत नाही, डॉक्टर लोकही हेच सांगतात, उलट विचारल्यावर माणूस मोकळा होतो. मला तर ती विचारली तेव्हा कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला.

आणि पोलीस केस होईल ही भीती असते ती पण काढून टाका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या 115 कलमात स्पष्ट आहे की जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, त्याला उपचार आणि पुनर्वसन देणं ही सरकारची जबाबदारी. 1 जुलै 2024 पासून जी भारतीय न्याय संहिता आली तिच्यात तर आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुन्या भारतीय दंड संहितेतल्या 309 सारखं कलमच ठेवलेलं नाही. पण आमच्याकडं अजून दवाखान्यात "चुकून औषध पोटात गेलं" असंच लिहायला सांगतात, मग पोट धुऊन माणूस घरी येतो आणि मनाच्या डॉक्टरची गाठच पडत नाही.

ज्या डॉक्टरांकडं गेलो ते बागलकोटकडचे, कन्नड. मला कन्नड बाजारापुरतं आणि कंपनीपुरतं येतं, भाव करता येतो, सुपरवायझरशी बोलता येतं, पण वडील पिशवीत बघितले ते कन्नडमध्ये कसं सांगणार. मी अडखळलो. तेव्हा ते म्हणले, "तुम्ही मराठीतच बोला, मला समजतंय, मी मोडकंतोडकं बोलतो." तासभर ऐकून घेतलं. मी त्या खुर्चीत बसून वडिलांसाठी पहिल्यांदा रडलो. सीमाभागात भाषेवरून काय काय होतं ते मी नव्यानं सांगायला नको, फॉर्म कन्नडमध्ये, बोर्ड कन्नडमध्ये, त्यासाठी आपण भांडतो ते भांडू. पण या खोलीत मी बघितलं की तो कन्नड माणूस माझ्यासाठी मराठी बोलायला धडपडत होता, आणि बाहेर बाकावर एक कन्नड आजी बसलेली, तिच्या नातवाला काय झालंय ते आमच्या वडगावची एक मराठी बाई नर्सला समजावून सांगत होती. तिथं बसलेल्या सगळ्यांचं दुखणं एकच होतं.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं, थायरॉईड, हिमोग्लोबिन, शुगर, बी ट्वेल्व्ह, कारण थायरॉईड कमी असलं तरी माणूस असाच मलूल होतो आणि मग औषध वेगळं लागतं. माझं ते ठीक निघालं. गोळी सुरू केली. एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली नसती तर मी आठवड्यात सोडून दिली असती, ती अशी की ही गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाही, दोन-चार आठवडे लागतात, कधी सहाही लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थपणा जरा वाढल्यासारखाही वाटतो. तसंच झालं. झोपेची गोळी दिली होती ती थोड्या दिवसांसाठी, मग हळूहळू कमी करून बंद केली. आपल्याकडं सगळ्या गोळ्या एकाच पोत्यात घालतात, "सवय लागते बाबा". झोपेच्या काही गोळ्यांची लागते म्हणूनच डॉक्टर त्या मोजून देतात. डिप्रेशनच्या गोळीची तशी नशा नसते, डोस वाढवत जावंसं वाटत नाही, फक्त एकदम बंद केली तर चक्कर येते, चिडचिड होते, म्हणून बंद करायचीच असली तर डॉक्टरला विचारून, कमी करत करत. आणि बरं वाटायला लागलं की लगेच थांबवायची नाही, त्यानंतरही सहा-नऊ महिने तरी घ्यायला सांगतात, नाहीतर परत उलटतं. जांबोटीकडची एक ताई बाकावर ओळखीची झाली, बाळंतपणानंतर तिला बाळाला जवळ घ्यायलाच भीती वाटायची, औषधानं छान झाली, मग सासरच्यांनी "आता बरी आहेस की" म्हणून गोळ्या बंद केल्या आणि परत पहिल्या पायरीवर आली. बाळंतिणीचं हे दुखणं फार बायकांना होतं आणि फार थोड्या घरांत त्याला आजार समजतात.

गोळीसोबत समुपदेशन पण झालं, तिथल्या मॅडमचं काम म्हणजे नुसतं धीर देणं नव्हतं. पॅनिक आला की पळायचं नाही, बसून श्वास हळू सोडायचा, मनात काय विचार आला तो वहीत लिहायचा, ज्या मशीनवर पहिला अटॅक आला त्याच मशीनवर परत उभं राहायचं, आधी थोडा वेळ मग जास्त. ते सगळ्यात कठीण गेलं. पण पंखा बघत पडणं कमी झालं, एक दिवस उप्पीटात मीठ कमी आहे असं मी म्हणलो आणि बायको हसायला लागली, कारण कितीतरी महिन्यांत मी चवीबद्दल पहिल्यांदा काहीतरी बोललो होतो.

आता कामगार मित्रांसाठी. मला भीती होती की कंपनीत कळलं तर काढतील. सुपरवायझरला मी खरं सांगितलं, त्यांनी काही महिने नाईटला लावलं नाही, झोप मोडणं या आजारात वाईट. सगळे असे नसतात हे मला माहीत आहे. पण ज्यांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जातो त्यांनी एवढं लक्षात ठेवा की आजारपणाच्या सुट्टीत वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के पैसे मिळतात, त्यात मनाचा आजार वगळलेला नाही, ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. आणि स्किझोफ्रेनियासारखे जे लांब चालणारे आजार त्यांच्या यादीत आहेत त्यांना सलग दोन वर्षं नोकरी झालेली असेल तर पुढंही 80 टक्क्यांनी मदत मिळते. उद्यमबाग, मच्छे इथल्या किती कामगारांना हे ठाऊक आहे? ज्यांनी खाजगी मेडिक्लेम काढलाय त्यांच्यासाठी पण त्याच 2017 च्या कायद्यात आहे की विमा कंपनीनं शरीराच्या आजाराला जसा विमा देते तसाच मनाच्या आजाराला द्यायचा. एजंट सांगत नाही, आपण विचारायचं.

बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं 2015-16 साली 12 राज्यांत जे राष्ट्रीय सर्वेक्षण केलं त्यात मोठ्या माणसांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचतच नव्हता, आजाराप्रमाणं 70 ते 92 टक्के लोक असेच राहिलेले. म्हणजे आमच्या गल्लीत शंभर मोठी माणसं धरली तर त्यातली दहाएक तरी माझ्यासारखी मनाच्या कुठल्यातरी आजारात आहेत. स्थळ बघायला येणाऱ्यांच्या घरातही असणारच की. मग दोन्हीकडची माणसं एकमेकांपासून तेच लपवत बसतात, आणि लग्नानंतर सुनेच्या पर्समध्ये गोळी सापडली की फसवणूक म्हणून बोंब. गोळ्या घेऊन नीट संसार करणारी, नोकरी करणारी पुष्कळ माणसं आहेत. मुलाला व्यसन आहे का, कर्ज किती आहे, हे आपण विचारतो, तसं आजारपण दोघांनी एकमेकांना आधीच मोकळेपणानं सांगावं आणि समोरच्यानं ते ऐकून उठून जाऊ नये. आणि माझ्यासारख्या काकाच्या आजाराचा तर मुलीशी काहीच संबंध नाही, तिचं शिक्षण बघा, स्वभाव बघा.

आमच्या लहानपणी कुणी जरा वेगळं वागलं की मोठी माणसं "धारवाडला घालू काय" म्हणायची, कारण तिथं ब्रिटिश काळापासूनचं वेड्यांचं इस्पितळ. त्या जुन्या भीतीनं आजही किती लोक अडून बसतात. आता ती संस्था डिमहान्स म्हणून चालते, ओपीडी आहे, लोक सकाळी जातात, दाखवतात, संध्याकाळी घरी येतात. पण धारवाडपर्यंत जायची गरज बहुतेकांना नाहीच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात 1996 साली सुरू झाला आणि त्याचा नमुना ऐंशीच्या दशकात आपल्याच राज्यात बळ्ळारी जिल्ह्यात घडवला गेला होता. आपल्याकडं त्यात मनोचैतन्य म्हणून योजना आहे, मंगळवारी तालुका दवाखान्यात मनाचे डॉक्टर येतात. खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी, अथणी इथल्या माणसाला बेळगावला यायचे बसचे पैसे वाचतात. पण बाहेर बोर्ड नाही, असला तर कोपऱ्यात, आणि आशाताई सोडल्या तर कुणी सांगत नाही.

फोनवर बोलायचं असेल तर 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे, केंद्र सरकारचा, 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू, फुकट, रात्री-अपरात्री कधीही लागतो, वीस भाषांत आहे, मराठी आणि कन्नड दोन्हीत. रात्री तीनला जाग आलेल्या माणसाला सकाळपर्यंत थांबायला सांगू नका, हा नंबर लावून द्या. जीव द्यायचा विचार पक्का झालेला दिसत असेल तर मात्र त्याला एकटं ठेवू नका, लगेच जवळच्या दवाखान्यात घेऊन जा.

संपादक साहेब, तुमच्याकडं एक मागणं आहे. आत्महत्येची बातमी छापता तेव्हा त्याखाली हा नंबर मराठीत ठळक छापत जावा, आणि कसं केलं, कशानं केलं याचा तपशील देऊ नये. आमच्या भागात शेतकरी, विणकर, परीक्षेची पोरं, अशी बातमी येतच असते. त्या बातमीशेजारी हे पाच आकडे आले तर ती वाचणाऱ्या एखाद्याच्या हातात काहीतरी राहील. शिवजयंतीला, गणपतीला मंडळं एवढे मोठे फलक लावतात, त्यातल्या एका कोपऱ्यात हाच नंबर लावायला मंडळाच्या पोरांना फार पैसे लागणार नाहीत. बायकांच्या भिशीत, बचत गटात, भजनी मंडळात महिन्यातून एकदा हा विषय निघाला तरी चालेल.

तालुका दवाखान्यात जाणार असाल तर सोमवारी फोन करून उद्या डॉक्टर येणार आहेत काय ते विचारून घ्या, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि आधीचे सगळे कागद, ईसीजी धरून, एका पिशवीत न्या. कुठल्या गोळ्या चालू आहेत त्यांची रिकामी पाकिटं टाकू नका, तीच दाखवा. झोप किती, जेवण किती, कधीपासून, हे आदल्या दिवशी कागदावर मराठीत लिहून ठेवा, कारण डॉक्टरसमोर बसलं की आठवत नाही. आणि पेशंटबरोबर घरातलं एक माणूस जावं, जे त्याच्याबद्दल तक्रार करायला नाही तर त्याच्या शेजारी बसायला जाईल.

आपला,
एक टर्नर, वडगाव, बेळगाव